दहानंतर रोजी नाही

दहा वाजले की ती गुडघ्यावर ठेवलेली चुंबळ उचलायची, तिची गुंडाळी सोडायची, कापड दोनदा झटकायची आणि कमरेला खोचून म्हणायची, "उठा वं, बजार उठला."

तिच्याजवळ घड्याळ नव्हतं. चौकातल्या बँकेचं शटर वर गेलं की दहा, एवढा हिशेब तिला पुरे होता. शटरचा खडखडाट झाला की दहाबारा बाया एकदम उठायच्या, घमेली काखेत धरायच्या आणि तिच्यामागून चालू लागायच्या. समोर एखादा ठेकेदार मोटरसायकलचा स्टँड लावत असला तरी कुणी मागे वळून बघायचं नाही.

नागपूरकरांना ठिय्या म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सकाळी सात वाजल्यापासून मजूर चौकात येऊन बसतात, ठेकेदार येतात, दिवसाची रोजी ठरते आणि माणसं कामावर जातात. महाल भागातल्या आमच्या घरापासून पाच मिनिटांवरच्या चौकात असा ठिय्या भरतो. एका बाजूला मिस्त्री आणि पुरुष मजूर बसतात, दुसऱ्या बाजूला रेजा, म्हणजे घमेली वाहणाऱ्या बाया. ती या बायांची पुढारी होती. कुणी नेमलेली नव्हती, पण होती. तिचं नाव मला माहीत आहे, इथं लिहीत नाही. ठिय्यावर तिला सगळ्या मोठीमायच म्हणत, आणि पुढं पुढं मीही तेच म्हणू लागले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझा पहिला तास अकराला असतो, म्हणून दहाच्या सुमारास मी त्याच चौकात शेअर ऑटोची वाट बघत उभी असते. रोज तो प्रकार बघायचे आणि मनात म्हणायचे, काय ह्या बाया! मागणी कमी झाली की किंमत उतरते, आणि किंमत उतरली की उरलेला माल खपतो, हे मी बावीस वर्षं फळ्यावर दोन रेषा काढून शिकवत आले. भाजीवालीसुद्धा अंधार पडायच्या आत पालकाची जुडी निम्म्याला देऊन मोकळी होते. मग ह्यांना का कळू नये? शिकलेल्या माणसाला रस्त्यावरचं सगळं अडाणी वाटण्याचा एक आजार असतो, तो मला चांगलाच जडलेला होता.

एका वर्षी आम्ही गच्चीवरची जुनी फरशी उखडली. मलबा तीन मजले खाली उतरवायचा होता. मी ठरवलं, आता आपलं शास्त्र वापरून दाखवायचं. आठ वाजता गेलं तर पूर्ण रोजी पडेल, म्हणून मी मुद्दाम दहाला पाच कमी असताना ठिय्यावर गेले आणि ऐटीत म्हणाले, "दोघीजणी पाहिजेत. दिवस बराच वर आलाय, तेव्हा पाऊण रोजी देईन."

तिनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मॅडम, तुम्ही तं रोज इथंच उभ्या राहता. आठले काहून नाही आल्या?"

"आठला वेळ नव्हता," मी खोटं बोलले.

तेवढ्यात शटर वर गेलं. तिनं चुंबळ झटकली. "दहा वाजले. आता रोजी नाही."

"अहो, पण रिकाम्या हातानं घरी जाण्यापेक्षा पाऊण रोजी बरी नाही का?"

"आजच्यासाठी बरी हाय," ती शांतपणे म्हणाली. "पण आज मी दहाले पाऊण रोजीत आली, तं उद्या आठले कोण येईन? सारे ठेकेदार दहालेच येतीन. ह्या पोरी दहापर्यंत उन्हात बसतीन अन् पाऊण रोजी घेऊन जातीन. मंग परवा ते अकराले येतीन अन् अर्धी म्हणतीन. चाला वं."

आणि त्या गेल्या. माझा ऑटोही गेला. कॉलेजला पोचायला उशीर झाला, प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं, आणि त्या दिवशी नेमका मला मजुरीचाच धडा शिकवायचा होता. मागणीची रेषा काढली, पुरवठ्याची काढली, आणि त्या जिथं छेदतात तिथं खडू टेकवून मी तशीच उभी राहिले. माझ्या आलेखात कुणी दुसऱ्या दिवशीचा विचार करत नव्हतं. त्यातल्या मजुराला उद्या नव्हताच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी मुकाट्यानं आठला गेले. "आल्या का आठले?" एवढंच ती म्हणाली, आणि एका तरण्या पोरीला घेऊन पूर्ण रोजीवर कामाला आली.

तिचं काम बघण्यासारखं होतं. घमेलं काठोकाठ भरायचं नाही. तरणी पोरगी जोरात भरायला लागली की ती फावड्यानं थोडं उपसून टाकायची. "दोन मजले चालीन, तिसऱ्यावर पाय डगमगते. रोजी दिवसभराची हाय वं, दहा मिनिटाची नाही." संध्याकाळपर्यंत तिची चाल सकाळइतकीच होती. मलबा आमच्या अंदाजाच्या आधी संपला आणि जिना झाडूनसुद्धा झाला.

दुपारी मी चहा टाकला. ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. माझ्या हातातलं चहापत्तीचं अर्ध्या किलोचं पाकीट बघून म्हणाली, "बाप्पा! एवढी मोठी पुडी?"

"मोठी घेतली की स्वस्त पडते," मी म्हणाले. हा माझा प्रांत होता.

"किती दिवस जाते?"

मी आठवून पाहिलं. घरात माणसं दोन. पाकीट महिनाभरसुद्धा पुरत नव्हतं.

"माहीवाली पाच रुपयाची पुडी दोन दिवस जाते म्हणजे जातेच," ती म्हणाली. "पुडीत दिसते ना, किती उरली ते. डब्यात दिसत नाही. डब्यातून चमचा बी मोठा निघते अन् पाहुण्याले दुसरा कप बी निघते."

मी तो महिना हट्टानं छोट्या पुड्या आणून पाहिल्या. चहा पांचट झाल्याची तक्रार नवऱ्यानं तीन वेळा केली, पण चहापत्तीचा खर्च खरोखरच कमी झाला. गरीब माणूस छोटी पुडी घेऊन फसतो असं मी वर्गात ठासून सांगत असे. त्यानंतर सांगताना जरा जपून सांगू लागले.

जाताना तिनं विचारलं, "तुम्ही कॉलेजात काय शिकवता?"

"माणसं वस्तू कशी विकत घेतात, मजुरी कशी ठरते, असं सगळं."

"मजुरी कशी ठरते, हे शिकवा लागते?" तिला खरंच नवल वाटलं. "अन् पोरं पास बी होतेत?"

त्यानंतर आमची चौकातली ओळख वाढली. ऑटोला उशीर झाला की चार शब्द व्हायचे. तिचा नवरा लेक लहान असतानाच वारलेला. लेक एकुलती एक, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्या लेकीबद्दल बोलताना ती आवाज थोडा खाली आणायची. "उन्हाळ्यात तिची परीक्षा झाली की माहं काम झालं," असं म्हणायची.

पण त्या दिवाळीनंतर रेतीघाट बंद झाले. रेती नाही म्हणून बांधकामं थंडावली, ठेकेदार निम्म्यावर आले. जे आले त्यांना पाच बाया लागायच्या, आणि ते बोटानं दाखवून तरण्या पोरी निवडायचे. मोठीमाय पन्नाशीच्या पुढं गेलेली. चढताना एक गुडघा धरायची. सगळ्यांची रोजी सारखी, मग म्हातारीला कोण नेईल? आणि सगळ्यांची रोजी सारखी हा नियम तिचाच. आठवड्यातले चार दिवस ती बँकेचं शटर उघडेपर्यंत तशीच बसलेली मला दिसायची.

आमच्या पुस्तकात हे छापलेलं आहे. मजुरीला खालची मर्यादा बांधली तर सगळ्यात आधी दुबळा मजूर कामाबाहेर पडतो. मी ते वर्षानुवर्षं घोकून घेतलं होतं. आता ते चौकात, चुंबळ गुडघ्यावर ठेवून, माझ्या डोळ्यांसमोर बसलेलं होतं, आणि बघवत नव्हतं.

एकदा शटर उघडलेलं होतं. बाया उठून कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. एका ओळखीच्या ठेकेदारानं मोटरसायकल आडवी घातली. "मोठीमाय, तू एकटीच चाल. विटांवर पाणी मारायचं हाय, बस. वजन नाही, चढणं नाही. अर्धी रोजी देतो."

तो काही वाईट माणूस नव्हता. काम हलकं होतं आणि तिला कामाची गरज होती. मी मनात म्हणत होते, जा बाई, जा. कोपऱ्यावर त्या सगळ्या पोरी थांबून बघत होत्या. तिनंही त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही गा," ती म्हणाली. "उद्या आठले ये."

मला राहवलं नाही. ऑटो सोडून मी तिच्यामागं गेले. "असं कसं चालेल? थोडं वाकलं तर काय बिघडतं? तुम्ही वयानं मोठ्या, तुम्ही कमी घेतलं तर कुणी नाव ठेवणार नाही."

"मॅडम, मी अर्धी घेतली की उद्या तो ठेकेदार ह्या पोरीले म्हणीन, मोठीमाय अर्ध्यात येते, तू काहून पूरी मांगून राहिली?"

"आणि घरी काय सांगता?"

 ती इकडं तिकडं बघून म्हणाली, "पोरीले पत्ता नाही लागला पायजे. तिले समजलं का मले काम नाही भेटून राहिलं, तं उद्याच्या उद्या पुस्तकं बांधून ठेवीन अन् घमेलं घेऊन इथं बसीन. बापावर गेली हाय, एकदा उठली का ऐकत नाही. उन्हाळ्यापर्यंत निभलं पायजे, बस."

तेव्हापासून मीही उन्हाळ्यापर्यंतचे आठवडे मोजू लागले. आणि हुशारी सुचली की गप्प बसवत नाही, म्हणून एका रविवारी तिला पूर्ण रोजीवर घरी बोलावलं. गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या खाली अंगणात आणायच्या होत्या. तिनं आणल्या. पुढच्या रविवारी मी त्या अंगणातून परत गच्चीवर न्यायला सांगितल्या. तिनं नेल्या. तिसऱ्या रविवारी मी तोंड उघडायच्या आत ती दारातच हसायला लागली. "मॅडम, त्या कुंड्याइले चक्कर येऊन राहिली. राहू द्या आता."

मला इतकी लाज वाटली की मी तिला चहासुद्धा विचारायला विसरले.

फाल्गुन लागत होता. भाच्याच्या लग्नात देण्याघेण्याच्या साड्या घ्यायला मी दुपारी दोनच्या सुमारास गांधीबागेच्या कापडबाजारात गेले. एका मोठ्या दुकानाच्या पायरीवर मोठीमाय बसली होती. बाजूला फडक्यानं झाकलेलं घमेलं, मांडीवर डबा. मला बघून ती शाळा बुडवलेल्या मुलीसारखी दचकली.

"कोणाले सांगू नोका," पहिलं वाक्य हेच.

मला एकदम उमगलं. दहा वाजता "बजार उठला" म्हणून ती सगळ्यांना घरी पाठवत होती, पण स्वतः घरी जात नव्हती. त्या दिवसांत लेक दुपारी घरी अभ्यास करत असे. पाच वाजेपर्यंत कुठंतरी राहणं भाग होतं.

"रोज इथं?"

"पह्यले देवळात बसत होती. तिथं वळखीच्या बाया येतेत. मंग इकडे आली. इथं कोणी माणसाले पाहत नाही, सारे कपडे पाहतेत." डब्यातली पोळी तिनं झाकली. "पण मॅडम, इथं बी मोठी गंमत हाय. मी तं रोज नवं नवं पाहून राहिली."

आणि मग तिनं मला जे सांगितलं ते मी पुढं वर्गात तिचं म्हणूनच सांगत आले. बाई दुकानात शिरली की आधी मांडलेल्या साड्या बघत नाही, दुसऱ्या बाईच्या हातात काय आहे ते बघते. नवऱ्याबरोबर आलेली स्वस्तातली घेते, जावेबरोबर आलेली महागातली. "अन् सगळ्यात मोठी गोष्ट सांगू? आमच्यासारखीले सस्तीच पायजे असते. पण नोकरानं पह्यलेच सस्ती दाखवली का राग येते. म्हणते, ह्यानं माहं तोंड पाहून गठ्ठा खोलला."

मी आत जाऊन बसले. माझ्यासमोर साड्यांचा ढीग पडत होता. तेवढ्यात खेड्यावरून लग्नाच्या खरेदीला आलेल्या पाच बाया शिरल्या. अगदी तसंच झालं. दुकानातल्या पोरानं त्यांच्या पायांतल्या चपला पाहिल्या आणि काही न विचारता खालचा गठ्ठा ओढला. बाया दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

पायरीवरून मला आवाज ऐकू आला. "काहून वं, नाही घेतली?"

काहीतरी कुजबुज झाली. मग मोठीमायचा आवाज, "असं करा, परत जा. वरच्या खणातली दाखव म्हणा. चांगल्या चार पाहा. मंग आपल्या तोंडानं सांगा, एवढी भारी नाही पायजे. माल इथं चांगला हाय, मी रोज पाहतो ना."

बाया परत आल्या. वरच्या खणातल्या साड्या उलगडल्या गेल्या, त्यांनी हात फिरवला, आपसांत हसल्या, आणि शेवटी खालच्या गठ्ठ्यातल्याच नऊ साड्या घेऊन गेल्या. गादीवरच्या शेठनं हे सगळं पाहिलं-ऐकलं होतं. माझं बिल व्हायच्या आधी तो उठून पायरीपाशी गेला.

"बाई, आत येऊन बसता का? गाववाल्या बाया आल्या की त्यांच्यासंग बोलायचं. रोज या. अर्धी रोजी देतो. सावली आहे, पंखा आहे, डोक्यावर ओझं नाही."

माझ्या हातातली पिशवी मी घट्ट धरली. सुटली बिचारी, असं वाटलं.

"शेठजी, माही रोजी पूरी हाय," ती म्हणाली.

"ती ठिय्यावर. ठिय्या वेगळा, दुकान वेगळं."

"तुमाले वेगळं. ठेकेदार बी लुगडे घ्याले इथंच येते ना. मले अर्ध्यात बसलेली पाहीन अन् उद्या ठिय्यावर जाऊन सांगीन."

शेठ हसला. "विचार करून सांगतो," म्हणत आत आला. ती पुन्हा पायरीवर बसली आणि डबा उघडून उरलेली पोळी खाऊ लागली. मला तिचा खरंच राग आला. चार महिने उन्हात पायऱ्या झिजवून वर हा ताठा! पायरी उतरताना मी तसं बोललेसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. "मॅडम, त्याले गरज हाय," ती हळूच म्हणाली. "उद्यापासून मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसतो. पाहू."

पुढचे दोन दिवस मला वर्गात काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी, साड्यांतली एक बदलायची आहे असं निमित्त काढून, मी कॉलेज सुटल्यावर गांधीबाग गाठली. समोरच्या पायरीवर ती नव्हती.  शेठच्या दुकानात डोकावले, तर पांढऱ्या गादीच्या काठावर, पाय पोटाशी घेऊन, मोठीमाय बसलेली. समोर तीन बाया आणि त्यांच्या मांड्यांवर वरच्या खणातल्या साड्या. मला बघून तिनं फक्त मान हलवली. कामात होती.

"पूरी?" मी ओठांनीच विचारलं.

"पूरी," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी. शेठनं वहीतून डोकं वर केलं नाही, पण तो हसत होता.

मी साडी न बदलताच बाहेर पडले. रस्त्यात इतकी गर्दी, हातगाड्या, स्कूटरचे भोंगे, आणि मला मात्र कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आल्यासारखं वाटलं. स्वतःला प्रमोशन मिळालं तेव्हा मी इतकी खूश झाले नव्हते. समोरच्या दुकानदारानंही तिला आत बोलावलं होतं, म्हणून शेठ घाईनं तयार झाला, हे मला नंतर कळलं. दोन गिऱ्हाइकं एका मालावर आली की काय होतं ते मी बावीस वर्षं शिकवत आले होते. ते घडवून कसं आणायचं हे तिला ठाऊक होतं.

उन्हाळा आला आणि गेला. एका रविवारी दाराशी स्कूटी थांबली. पुढं उंच, सडसडीत, चष्मेवाली मुलगी आणि मागं पेढ्यांचा डबा छातीशी धरून मोठीमाय. लेक पास झाली होती आणि कोराडीकडच्या एका दवाखान्यात तिला नोकरीही लागली होती. तिकडंच खोली घेतली होती, दोघी आता तिकडं राहायला जाणार होत्या.

मी पाणी दिलं. मोठीमाय काही स्वस्थ बसेना. "मॅडम, गच्चीवरची नवी फरशी पाहून येतो. कुंड्या नेल्या तेव्हा घाईत नीट पाह्यलीच नाही," म्हणत ती गुडघा धरून जिना चढू लागली.

लेक आणि मी दोघीच उरलो. काही बोलायचं म्हणून मी म्हणाले, "तुझ्या आईनं फार सोसलं हो तुझ्यासाठी."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. मग जिन्याकडं बघून आवाज खाली आणला, अगदी आईसारखा. "दिवाळीपासूनच माहीत होतं. आईची साडी रोज मीच धुवत होती ना. सिमेंटच्या कामाहून आली का बादलीच्या तळाले गाळ बसते. पंधरा वर्षं पाह्यला तो गाळ. दिवाळीनंतर चार चार दिवस बादली साफ."

मी तिच्याकडं बघतच राहिले. "मग तू बोलली का नाहीस?"

"बोलली असती तं तिनं बाहेर बसणं सोडलं असतं. घरी बसली असती, अन् मले पाहवलं नसतं. मी कॉलेज सोडलं असतं." तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला. "ती रोज सकाळी घमेलं घेऊन निघे, मी रोज पुस्तक घेऊन बसो. काही काही दिवस पान बी उलटत नव्हतं मॅडम. पण बसून राहिली."

 मी तिच्या हातावर हात ठेवला, एवढंच.

जिन्यावर पावलं वाजली. मोठीमाय उतरून आली, धापा टाकत, चेहरा आनंदानं फुललेला. "फरशी चांगली बसवली," तिनं सांगितलं. मग सोफ्याच्या कडेला बसली, पेढ्याचा डबा उघडून माझ्यापुढं धरला आणि लेकीकडं बोट दाखवून, कधीची मनात दाबून ठेवलेली फुशारकी शेवटी मारलीच.

"मॅडम, चार महिने! चार महिने मी गावभर हिंडली, पण इले पत्ता लागू देल्ला नाही. विचारा तिले, काही समजलं होतं का!"

लेकीनं चष्मा डोळ्यांवर नीट बसवला. "कायचा पत्ता, आई?" ती म्हणाली. "कुठं हिंडली तू?"

मोठीमायनं विजयानं माझ्याकडं पाहिलं. मी पेढा उचलून तोंडात टाकला.